प्रोजेक्ट संपेपर्यंतची सरकारी नोकरी

कोशित्सेला येऊन आम्हाला आता तीन वर्षं होतील. नवऱ्याची आयटी कंपनी इथे म्हणून आम्ही इथे, नाहीतर पूर्व स्लोव्हाकिया नकाशात कुठे येतो ते मला बार्शीत बसून सांगता आलं नसतं. आल्या आल्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट, एका दुकानात शाम्पूच्या रॅकपाशी उभी होते, सिक्युरिटीवाला मागे येऊन उभा राहिला, मी बिस्किटांकडे गेले तर तोही बिस्किटांकडे, मला आधी वाटलं माझं काहीतरी पडलंय आणि बिचारा द्यायला आलाय. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला, स्क्रीनवर आई साडीत, कपाळाला टिकली, मी नेहमीसारखी मोठमोठ्याने मराठीत बोलायला लागले, तसा तो गायब. रात्री नवऱ्याच्या ऑफिसमधला एक जण जेवायला आलेला, त्याला हे सांगितलं तर तो ओशाळला आणि म्हणाला, त्याला वाटलं असेल तू रोमा आहेस.

रोमा म्हणजे ज्यांना लोक जिप्सी म्हणतात ते. झालं, अशी ओळख.

त्यानंतर मी बघायलाच लागले. परदेशात राहायचं म्हणजे कागद आलेच, परमिटचे, विम्याचे, मुलाच्या शाळेचे, टोकन घेऊन तासभर बसायचं आणि समोरच्या खिडक्या बघत राहायचं. आई पंचायत समितीत होती त्यामुळे सरकारी ऑफिसात गेलं की कोण कुठल्या टेबलावर बसलंय हे आधी बघायचं हा आमच्या घरचा जुना रोग आहे. इथे खिडक्यांमागे बहुतेक बायकाच असतात, नावाच्या पाट्या वाचल्या तर शेवटी ओवा, ओवा, ओवा. पण त्यात सावळा चेहरा मला एकही दिसला नाही. सावळ्या बायका दिसल्या त्या दोनच ठिकाणी, आत फरशी पुसताना आणि बाहेर नारिंगी जॅकेट घालून रस्ता झाडताना. त्यातल्या एकीने मला आपल्यातलीच समजून हाक मारली, "लाचो द्यिवेस!" आणि मी जागच्या जागी थांबले, कारण द्यिवेस म्हणजे दिवस हे मला कोणी सांगायची गरजच नव्हती. शुभ दिवस म्हणत होती ती.

मग घरी येऊन मी दोन रात्री वाचत बसले. रोमा लोक साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले हे कुठेतरी ऐकलेलं होतं पण त्यांची रोमानी भाषा इतकी आपल्या घरातली असेल असं वाटलं नव्हतं. पानी, कान, नख म्हणजे नाक, मनुश म्हणजे माणूस, लोन म्हणजे मीठ (आपलं लोणचं आठवा), लाज म्हणजे लाजच. येख, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव इथपर्यंत आपण त्यांच्याबरोबर मोजू शकतो, मग सात आठ नऊ एकदम ग्रीक, एफ्ता, ओख्तो, एन्या, कारण वाटेत कित्येक पिढ्या ग्रीक बोलणाऱ्या मुलखात गेल्या, आणि दहाला परत देश, विसाला बिश. खाम म्हणजे सूर्य, आपला घाम त्याच जुन्या शब्दातून आलेला, हे वाचलं तेव्हा मला बार्शीचा मे महिना आठवला. आणि कामाला बुती. हा म्हणे वृत्ती शब्दावरून आला. वृत्ती म्हणजे चरितार्थ, जोशीपणाची वृत्ती वगैरे आपण म्हणतो ना, तीच.

तर बुतीबद्दलच लिहायचंय, नेमकं म्हणजे सरकारी बुतीबद्दल.

युरोपियन युनियनची मूलभूत हक्कांची एक एजन्सी आहे, तिने २०२१ मध्ये १० देशांतल्या रोमांची पाहणी केली होती. पगारी काम करणाऱ्या रोमा बायका १०० मध्ये २८ निघाल्या, रोमा पुरुष ५८. युनियनमधल्या एकूण लोकांचा आकडा ७२ च्या आसपास. ही सगळ्या कामांची गोष्ट झाली, त्यातली सरकारी खुर्ची किती जणींना असा प्रश्न विचारला की स्लोव्हाकियात उत्तरच मिळत नाही, कारण ऑफिसातल्या माणसाची जमात इथे कोणी लिहूनच ठेवत नाही. लोकसंख्येतच बघा ना, २०२१ च्या जनगणनेत पहिली ओळख म्हणून रोमा लिहिणारे ६७ हजार, दुसरी ओळख म्हणून लिहिणारे धरले तर सुमारे १ लाख ५६ हजार. आणि सरकारनेच २०१९ मध्ये गावोगाव फिरून जो वस्त्यांचा अ‍ॅटलस केला त्यात अंदाज निघाला ४ लाख १७ हजारांचा. ५४ लाखांच्या देशात अडीच लाखांवर माणसं आपली ओळख लिहीत नाहीत.

मला आधी हे फार विचित्र वाटलं. आपल्याकडे सरकारी नोकरीतल्या आरक्षणाची बिंदुनामावली असते, कुठल्या बिंदूवर कोण बसायला पाहिजे होतं आणि कोण बसलं हे निदान भांडता तरी येतं. मोजल्याशिवाय अनुशेष कसा काढणार? हे मी मोठ्या तोऱ्यात एकीला सांगितलं तर ती म्हणाली, आमच्या आजीआजोबांच्या वेळी पोलिसांकडे आमच्या याद्या होत्या, त्याच याद्या घेऊन लोकांना उचललं. मग काय बोलणार. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउशवित्झच्या नाझी छावणीतल्या रोमांच्या विभागात राहिलेल्या सगळ्यांना, म्हणजे मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, गॅस चेंबरमध्ये मारलं, ती तारीख आता युरोपात स्मरणदिन म्हणून पाळतात. यादीत नाव लिहायला नको म्हणणाऱ्या माणसाला मी बिंदुनामावली समजावून सांगत होते.

ही 'एक' म्हणजे माझी मैत्रीण. तिचं नाव, वस्तीचं नाव लिहीत नाही. मुलाच्या लसीसाठी दवाखान्यात गेले होते तिथे भेटली, एका अगदी कोवळ्या आईला घेऊन आली होती आणि डॉक्टरीणबाई जे स्लोव्हाकमध्ये भराभर सांगत होत्या ते तिला रोमानीत सांगत होती, मध्येच डॉक्टरला थांबवत होती, परत विचारत होती. मला वाटलं तिची मोठी बहीण असेल. नंतर कळलं हे तिचं काम आहे. पदाचं नाव भलंमोठं आहे, आसिस्टेन्तका ओस्वेती झ्द्राव्या, म्हणजे आरोग्य प्रबोधन सहायक. आपल्या मराठी वाचकाला एका शब्दात सांगायचं तर आशाताई.

खरंच आशाताईच. खांद्याला बॅग, त्यात बीपीचं मशीन, थर्मामीटर, लसीच्या तारखांची वही. वस्तीत कुठल्या घरात पोटुशी बाई आहे, कुठल्या पोराची लस राहिली, कोणाला शुगरची गोळी परवडत नाही हे सगळं हिला तोंडपाठ. हिच्या वस्तीत कित्येक घरांना नळ नाही, पाणी बाहेरून आणायचं, आणि डॉक्टर सांगतो हात वारंवार धुवा. एप्रिल २०२० मध्ये सरकारने पूर्वेकडच्या पाच रोमा वस्त्या कोरोनासाठी सीलबंद केल्या, पोलीस आणि सैन्य बाहेर उभं, तेव्हा अशा वस्त्यांतून सरकारचं म्हणणं समजावून सांगायला हिच्यासारखीच माणसं होती. बऱ्याचशा बायकाच.

आणि नोकरी? ठराविक मुदतीची. पैसा मुख्यतः युरोपियन युनियनच्या निधीतून, प्रोजेक्ट संपला की पुढच्या प्रोजेक्टची वाट बघायची. तिने मला फ्रिजवर चुंबकाने लावलेला कागद दाखवला, त्यातल्या दोन शब्दांवर बोट ठेवलं, 'दोबा उर्चिता', म्हणजे ठराविक काळ. तो कागद ती मुलांच्या शाळेच्या वेळापत्रकाशेजारी लावते. बँकेत हप्त्यावर वॉशिंग मशीन घ्यायला गेली तर तोच कागद बघून नाही म्हणाले. हसत सांगत होती ती, पण हसू असं की मी कॉफीत बघत बसले.

आता कोणी म्हणेल, निदान काम तर आहे. आहे ना. आणि तिला ते काम जीव की प्राण आहे हेही खरं. माझा मुद्दा वेगळाय, की सरकारला रोमा बाई कुठे कुठे चालते ते एकदा ओळीने बघा. झाडायला चालते. बेकारीभत्ता, खरं तर गरजूंना मिळणारी मदत, चालू राहायला महिन्याला ३२ तास नगरपालिकेचं काम करायचं असा नियम इथे २०१४ पासून आहे, ती नारिंगी जॅकेटं म्हणजे त्यातलेच लोक, त्याला नोकरी म्हणत नाहीत, त्यात बढती नाही, त्यातून लिपिक होत नाही कोणी. दुसरं, रोमा वस्तीत पाठवायला चालते, आरोग्यवाली म्हणून, शाळेत शिक्षिकेची मदतनीस म्हणून, समाजसेविकेची सहायक म्हणून. तिथे तिची भाषा, तिची ओळख, वस्तीतला तिचा विश्वास ही पात्रता. पण तीच बाई शहरातल्या ऑफिसात जन्मदाखले द्यायला बसली तर? तिथे ती पात्रता एकदम शून्य.

अगदी वरपर्यंत हेच आहे बरं का. रोमा समाजाच्या प्रश्नांसाठी सरकारचा एक खास प्रतिनिधी असतो, त्या पदावर २००१ ते २००७ क्लारा ओर्गोवानोवा होत्या, स्वतः रोमा, मानसशास्त्र शिकलेल्या. मोठं पद. पण रोमांसाठीचंच. स्वतंत्र स्लोव्हाकियाच्या संसदेत पहिली रोमा बाई यायला २०२३ साल उजाडलं, यार्मिला वान्योवा, १५० जणांत एक. देश स्वतंत्र झाला १९९३ मध्ये.

खिडकीमागे का नाहीत याचं उत्तर इथल्या लोकांकडे तयार असतं, शिक्षण नाही. बरोबर आहे, नाही. बहुतेक ऑफिसच्या पदांना मातुरिता लागते, म्हणजे त्यांची बारावी समजा. पण ती का नाही हे विचारलं की माणसं विषय बदलतात. इथे रोमा पोरांना मोठ्या संख्येने मतिमंद मुलांच्या शाळेत नाहीतर वेगळ्या वर्गात घातलं जातं, युरोपियन कमिशनने त्यावरून २०१५ मध्ये स्लोव्हाकियाला नोटीस दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सरळ कोर्टात नेलं. शेजारच्या चेक देशाविरुद्ध तर ओस्त्रावाच्या १८ रोमा मुलांनी स्ट्रासबुर्गच्या मानवाधिकार कोर्टात २००७ मध्येच अशी केस जिंकलेली. आणि मुलींसाठी खास चीज म्हणजे दोन वर्षांचा एक कोर्स, वस्तीजवळच शाखा काढून चालवलेला, त्याचं नाव 'प्राक्तिच्का झेना'. व्यवहारी बाई! स्वयंपाक, शिवण, साफसफाई. माझ्या मैत्रिणीची धाकटी बहीण तो करून आलीय. सर्टिफिकेट आहे, शिक्का आहे, त्याच्यावर पुढे मातुरिता नाही आणि नोकरी म्हणाल तर तीच, फरशी. मी तिला विचारलं काय शिकलीस, तर म्हणाली बटाट्याचं सूप. "ते मला आईने आधीच शिकवलं होतं."

बरं, जी शिकते तिचं काय? मैत्रिणीची चुलत बहीण मातुरिता पास झाली, कॉम्प्युटर येतो, एका ऑफिसात जागा निघाली म्हणून फोन केला तर म्हणाले या, जागा आहे. ही गेली. दारातून आत आली तेवढ्यात जागा भरली. असे किस्से इथे प्रत्येक घरात दोन-तीन निघतात. आणि प्रत्यक्ष जायचीही गरज नसते, अर्जावर आडनाव असतं, पत्ता असतो, वस्तीचं नाव वाचलं की बास. आडनावावरून माणूस वाचायची कला फक्त आपल्याकडेच आहे असं मला वाटत होतं, ती समजूत गेली. बायकांना त्यात आणखी एक, मुलाखतीत विचारतात मुलं किती, अजून होणार का. कायद्याने विचारता येत नाही, पण नजर विचारते असं ती म्हणाली.

मुलांचा विषय इथे साधा नाही. स्ट्रासबुर्गच्या कोर्टाचा २०११ चा एक निकाल आहे, बाईचं नाव गुप्त, फक्त आद्याक्षरं. २००० साली तिला बाळंतकळा चालू असताना सांगितलं की पुढचं मूल झालं तर तू मरशील नाहीतर बाळ मरेल, आणि नसबंदीच्या कागदावर सही घेतली. निकालपत्रात त्या सहीचं वर्णन आहे, सही थरथरलेली आहे आणि तिचं माहेरचं आडनाव मध्येच तुटून दोन शब्द झालेत. केसपेपरवर लिहिलेलं, पेशंट रोमा आहे. कोर्टाने स्लोव्हाकियाला दोषी धरलं. अशा बायका खूप होत्या, इथेही आणि चेक भागातही, आणि स्लोव्हाक सरकारने माफी मागितली नोव्हेंबर २०२१ मध्ये. आता ज्या बाईची आई किंवा मावशी अशी सही करून आलीय ती बाळंतपणाला दवाखान्यात कशाच्या भरवशावर जाईल? तर माझ्या मैत्रिणीच्या भरवशावर. सरकारने घालवलेला विश्वास भरून काढायचं काम तिचं, आणि कागद दोबा उर्चिता.

बाकीच्या देशांत काय चाललंय ते थोडं वाचलं. रुमानियात, म्हणजे तेव्हाच्या मोल्डाव्हिया आणि वालाकिया या दोन संस्थानांत मिळून, रोमांची गुलामगिरी १८५५-५६ पर्यंत कायद्याने चालू होती, साधारण पाचशे वर्षं, हे मला माहीतच नव्हतं. तिथे आरोग्य मध्यस्थ म्हणून रोमा बायका नेमायचं २००२ पासून सरकारी पातळीवर सुरू झालं, विद्यापीठांत रोमांसाठी राखीव जागाही आहेत. सर्बियात २००८-०९ पासून अशाच मध्यस्थ, तिथे अट अशी की बाई रोमा पाहिजे, रोमानी यायला पाहिजे, आठवी पास पाहिजे आणि ती स्वतः आई पाहिजे. आई असणं नोकरीची अट! जगात सगळीकडे लपवावं लागतं ते. हंगेरीत सरकारी रोजगार योजना आहे, आपल्या रोजगार हमीसारखी, त्यात रोमा भरपूर, पगार किमान वेतनापेक्षाही कमी. सगळ्यात जवळचं वाटलं ते उत्तर मॅसिडोनिया, तिथे अल्बेनियन अल्पसंख्याकांबरोबरचा संघर्ष मिटवणाऱ्या २००१ च्या ओह्रिद करारानंतर सरकारी नोकऱ्यांत प्रत्येक समाजाचा वाटा असावा हे राज्यघटनेतच आलं, राजधानी स्कोप्येमधली शुतो ओरिझारी ही तर रोमा बहुसंख्य असलेली नगरपालिका, रोमानी तिथली अधिकृत भाषा. तरी तिथेही रोमा माणूस सरकारी पगारावर शोधायचा तर आधी सफाई खात्यात जा.

आमचं घर घिसाडी. भटक्या जमाती ब. आजोबांचा भाता आणि ऐरण मी लहानपणी पाहिलीय, गावोगाव पाल टाकून विळे, खुरपी शेवटून (धार लावून) द्यायचे. आई घरातली पहिली मॅट्रिक, १९८४ मध्ये राखीव जागेवर पंचायत समितीत लागली, बायकांचं ३० टक्के समांतर आरक्षण तेव्हा नव्हतं, ते १९९४ नंतर आलं. पहिली काही वर्षं तिला आवक-जावकला बसवलं, बारनिशीत पत्रांचे नंबर टाकायचे, कारण तिथे साहेबाशी बोलायला लागत नाही असं त्यांना वाटत होतं. ग्लास घरून न्यायची. हे सगळं होतंच, कोणी आरती ओवाळून घेतली नव्हती. आणि आता आपल्याकडेही कंत्राटी भरती, आशाताईंना अजून मानधनच, त्यामुळे मी इथे काही फार छाती फुगवून सांगत नव्हते. पण ती टेबलावर होती. बार्शीतला कुठलाही पाटील आपलं पत्र घेऊन आला की आईच्या पुढ्यातून गेल्याशिवाय त्याचं पत्र आत जात नव्हतं.

हे मी मैत्रिणीला मागच्या महिन्यात सांगितलं, माझ्या मोडक्या स्लोव्हाकमध्ये आणि अडलं की फोनवरच्या ट्रान्सलेटरने. बसस्टॉपवर उभ्या होतो, तिच्या बॅगेतून बीपीच्या मशीनची नळी बाहेर आलेली, थंडी मरणाची. तिने सगळं ऐकलं, घिसाडी म्हणजे लोहार हे तिला लगेच कळलं, तिचा पणजोबाही तेच. मग म्हणाली, फेन्ये (म्हणजे ताई, बहिणी), किती वर्षं होती आई तिथे? म्हटलं छत्तीस, आता रिटायर झालीय, पेन्शन येतं. किती येतं ते युरोत करून सांगितलं. ते तिने ऐकल्यासारखं केलं नाही, छत्तीसवरच अडकली होती, बोटं मोजल्यासारखी हलवत होती.

"छत्तीस वर्षांचा प्रोजेक्ट? कोणाचा?"

मी म्हटलं प्रोजेक्ट नव्हता, नोकरी होती. तिला वाटलं ट्रान्सलेटरने चूक केली, माझ्या हातातून फोन घेऊन तिने ते परत वाचलं.